काय होता होता राहिलं?

परवा चिंचवडला एका लग्नाला गेलो होतो. हॉल पहिल्या मजल्यावर. आत शिरल्या शिरल्या मी वधूवरांच्या आधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधली. ती सापडली, पण तिच्यासमोर केटररने प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती. मग मला जेवण गेलं नाही. बासुंदीची वाटी हातात धरून मी त्या खुर्च्यांकडे बघत बसलो. शेवटी बायको म्हणाली, "आल्या वाटतं तुमच्या साळवे मॅडम."

आमच्या घरात आता हा वाक्प्रचारच झाला आहे. मी गॅस दोनदा बघितला, जिन्यात सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेऊन धावलो, की साळवे मॅडम येतात. मला हे दुखणं पूर्वी नव्हतं. मी मूळचा निर्धास्त माणूस. चाकणच्या एका कंपनीत तयार माल वेळेवर गाडीत चढवणं हे माझं काम, आणि गाडी सुटली की मी सुटलो, एवढंच मला ठाऊक. ही धास्ती मला बाईंनी लावली. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की भांडावं, हे अजून माझं ठरलेलं नाही.

आमच्या कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे लहानमोठे भाग करतात. प्रेस शॉप म्हणजे कंपनीचं पोट. दिवसभर तिथे धाड धाड ठोके पडत असतात आणि नवा माणूस पहिले आठ दिवस प्रत्येक ठोक्याला डोळे मिटतो. साळवे मॅडम सेफ्टी ऑफिसर म्हणून आल्या, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या होत्या. ठेंगण्या, अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि पायात जडशीळ सेफ्टी शूज. गळ्यातल्या निळ्या फितीला आयकार्ड आणि, पुढे काही दिवसांनी, त्याच्याच शेजारी एक पितळी किल्ली. त्यांच्या आधीचे गृहस्थ भिंतीवर पाट्या लावायचे आणि आमच्या सह्या घ्यायचे. मॅडमनी आल्या आल्या 'सुरक्षा प्रथम' ही पाटी वाचली आणि मला विचारलं, "कुलकर्णी, मग दुसरं काय?"

मी म्हटलं, "दुसरं डिस्पॅच."

"खरं बोललात," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेटवर उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात हातात घ्यायच्या, क्षणभर धरायच्या आणि सोडायच्या. माणसं गांगरली. पंचवीस वर्षं कंपनीत काढलेल्या पुरुषाचा हात कोणी बाई रोज सकाळी धरील, ही कल्पना चाकणमध्ये रुजायला वेळ लागतो. कोणी हात मागे लपवले, कोणी कपाळाला लावून नमस्कार केला. गेटवरचा तुकाराम जवळच्याच गावचा, पिढीजात मावळा. त्याने आपले पंजे त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाला, "बाई, मोजून घ्या. धाच हायेत. अकरावं व्हतं ते लग्नात दिलं." 

आठवड्याभरात त्यांचं नाव 'ज्योतिषी बाई' पडलं. प्रेस शॉपमधले लोक एकमेकांना डोळे मारत म्हणायचे, चला, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ. पण हळूहळू लक्षात आलं की बाई खरोखरच हातावरून ओळखतात. कोणाचा हात तापलेला आहे, कोणाच्या बोटाला काल नसलेली चिकटपट्टी आहे, कोण रात्रभर झोपलेला नाही, हे त्यांना स्पर्शात कळायचं. मग त्या त्याला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारायच्या. "काय होता होता राहिलं?"

'काय झालं' हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. झालेलं सगळ्यांना दिसतंच, असं त्या म्हणत.

'काळजी घ्या' या शब्दांचा त्यांना मनस्वी राग होता. एकदा आमच्या प्लांट हेडनी, निकम साहेबांनी, भाषणाच्या शेवटी सगळ्यांना काळजी घ्या म्हणून सांगितलं. बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कुठून घ्यायची? दुकानात मिळते का?" त्या स्वतः तसं कधी बोलत नसत. "डाव्या पायाखाली तेल आहे," म्हणत. "त्या शिडीची तिसरी पायरी हलतेय," म्हणत. त्यांच्या बोलण्यात नेहमी जागा, वस्तू आणि बाजू असायची. त्यामुळे त्यांच्याबरोबर दहा मिनिटं चाललं की माणसाला आपण रोज कसकशातून जातो ते दिसू लागायचं.

आम्ही एकाच कंपनी बसने जायचो. मी चिंचवडला चढायचो, त्या आकुर्डीला. त्या कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आरशात त्याचे डोळे दिसतील अशा बेताने. खिडकीबाहेर कोणाचं कोपर दिसलं तर तिथून हाक मारायच्या. चाकणच्या चौकात बस अर्धा अर्धा तास अडकायची तेव्हा आमच्या गप्पा व्हायच्या. एकदा मी थट्टेने विचारलं, "मॅडम, एवढं भ्यायला कुठे शिकलात?"

"घरी," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात तापलेलं लोखंड ठोकायच्या कामाला होते. संध्याकाळी ते दारात आले की आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायची आणि त्यांच्या हातांवर पाणी घालायची. आधी उजव्या, मग डाव्या. मुलांना वाटायचं, आई किती सेवा करते. मोठी झाल्यावर साळवे मॅडमना कळलं की आई मोजत असायची.

"मग काही झालं होतं का त्यांना?" मी विचारलं.

"काही नाही. दहा बोटं घेऊन रिटायर झाले. काहीच झालं नाही, पण आईने एक संध्याकाळ चुकवली नाही. वडील वारले तेव्हा ती म्हणाली, आता सुटले बाई मी." त्यांनी पुढच्या आरशात पाहिलं. "लोकांना वाटतं अपघात झाला तरच नुकसान होतं."

माझी आई शाळामास्तराची बायको. तिला कधी कोणाची बोटं मोजावी लागली नव्हती.

सोमवारची दहा मिनिटं हा त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग. दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रेस शॉपमध्ये पाण्याच्या कूलरपाशी सगळ्यांनी उभं राहायचं आणि ज्याचं त्याचं, होता होता राहिलेलं सांगायचं. नियम दोनच. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि सांगणाऱ्याला शिक्षा करायची नाही. बाई सगळं एका रजिस्टरात लिहून घेत. पहिले काही सोमवार कोणी तोंड उघडलं नाही. आपल्याकडे स्वतःची चूक चारचौघांत सांगायची पद्धत नाही. चूक साहेबाच्या केबिनमध्ये सांगायची असते, तीही दुसऱ्याची. मग बाई स्वतःचंच सांगायच्या. दूध गॅसवर ठेवून शेजारी हळद आणायला गेले, जिन्यात फोनवर बोलताना पायरी चुकले. लोक चुळबुळत उभे राहायचे आणि दहा मिनिटं संपायची.

ही कोंडी फोडली बालाजीने. बालाजी लातूरकडचा, प्रेस चालवणारा, दोन मुलींचा बाप. एका सोमवारी बाईंचं दुधाचं पुराण चालू असताना तो मध्येच म्हणाला, "मॅडम, तुमचं घर लई धोक्याचं हाय बगा. त्यापरीस आमची प्रेस बरी." सगळे हसले. बाईही हसल्या. हशा ओसरायच्या आत त्याने खालच्या आवाजात सांगून टाकलं, की शनिवारी क्रेनच्या हुकातून पत्र्याचं बंडल निसटलं होतं आणि तो एक पाऊल मागे होता म्हणून वाचला. बाईंनी ते लिहून घेतलं. दुपारपर्यंत हुक बदललेला होता. त्यानंतर लोक बोलायला लागले.

याच सुमारास त्यांनी गेटजवळचा तो मोठा बोर्ड काढायला लावला. अपघाताविना किती दिवस गेले, हा आकडा त्यावर रोज चढायचा आणि ठरावीक आकडा गाठला की सगळ्यांना स्टीलचा तीन खणी डबा मिळायचा. डबा जवळ आला की माणसं जखमा लपवायची. भर एप्रिलमध्ये एक वेल्डर पूर्ण बाहीचा शर्ट घालून आला. बाईंनी हात धरला तेव्हा तो कळवळला. बाहीखाली मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं. म्हणाला, "माझ्या एकट्यापायी सगळ्यांचा डबा जाईल, मॅडम." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, स्टोअरच्या मागे, दोन मिनिटं. मग तोंड धुऊन त्या निकम साहेबांकडे गेल्या आणि बोर्ड उतरला. निकमांनी ते मनात ठेवलं असणार.

आता त्या किल्लीकडे येतो. यायचं टाळत होतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

प्रेसच्या तोंडाशी, माणूस हात घालतो तिथे, बाईंनी मागे लागून किरणांचा एक पडदा बसवून घेतला होता. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात हात गेला की येणारा ठोका जागच्या जागी थांबतो. प्रेसची बटणं दाबून ठोका एकदा सुटला की हात मोकळे असतात, म्हणून हा पडदा. दुरुस्तीच्या वेळी तो तात्पुरता बंद करावा लागतो, त्याची ती पितळी किल्ली. ती बाईंच्या गळ्यात. दुरुस्तीवाल्यांनी मागायची, बाईंनी शेजारी उभं राहायचं आणि काम झालं की पुन्हा गळ्यात घालायची. इतर कोणाच्या हाती ती त्यांनी कधी दिली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. कारखाना धुऊन काढतात, प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं, पुढे नारळ. सगळ्यात मोठ्या प्रेसची पूजा मालक सहकुटुंब करतात आणि पूजा झाली की मालकांनी स्वतः बटण दाबून पहिला ठोका द्यायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. पडदा बसवल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. हार जाडजूड, प्रेसच्या तोंडावर या खांबापासून त्या खांबापर्यंत लोंबणारा. गुरुजींनी मंत्र म्हटले, मालकांनी हसतमुखाने दोन्ही बटणं दाबली, आणि काही झालं नाही. लाल दिवा लागून राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल दिवा.

हार पडद्याच्या मधोमध होता. यंत्राच्या दृष्टीने तो माणसाचा हातच होता.

मालकांच्या आई, ज्यांना सगळे माई म्हणायचे, त्या खुर्चीतून म्हणाल्या, "आजच्या दिवशी अडलं म्हणजे बरं नाही हो." मालकांचं हसू चेहऱ्यावरच थिजलं. हार दोन मिनिटं काढला असता तरी चाललं असतं. पण नुकता घातलेला हार, अक्षता पडलेल्या, आरती झालेली. तो काढा असं म्हणणार कोण?

साळवे मॅडम बौद्ध. पूजेच्या वेळी त्या नेहमी मागे, खांबापाशी शांतपणे उभ्या राहत. टाळायच्या नाहीत आणि पुढेही यायच्या नाहीत. त्या क्षणी सगळ्यांच्या माना मागे वळल्या, कारण पडदा त्यांनी बसवला होता. बाईंनी एकदा हाराकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलल्याचं मला दिसलं, पण शब्द आला नाही. पुढे बसमध्ये त्यांनी ते मला सांगितलं. "दुसऱ्या कोणी 'हार काढा' म्हटलं असतं तर ती सूचना झाली असती. मी म्हटलं असतं तर लोकांनी माझं आडनाव ऐकलं असतं."

तो दुसरा कोणी मी असू शकलो असतो. मी कुलकर्णी, सोवळ्यातल्या घरचा, गुरुजींच्या शेजारी तबक धरून उभा. मी हार उचलून बाजूला ठेवला असता तर माईंनीसुद्धा मान डोलावली असती. त्याऐवजी मी चार पावलं मागे जाऊन म्हणालो, "द्या ना किल्ली मॅडम. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी फितीतून किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली. मी ती पॅनलमध्ये घालून फिरवली. ठोका पडला, टाळ्या झाल्या. त्याच वेळी माईंनी, मनात काय आलं कोण जाणे, हाक मारली, "या हो साळवेबाई, प्रसाद घ्या." इतक्या वर्षांत असं नाव घेऊन कोणी बोलावलं नव्हतं. बाई पुढे गेल्या. तेवढ्यात कोणीतरी मेन स्विच बंद केला, दिवे गेले, पेढ्यांचे बॉक्स वाटले गेले आणि सगळे लवकर घरी पळाले. मीही पळालो.

दसऱ्याला त्या म्हाताऱ्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. दरवर्षी जायच्या. परतीचा एक दिवस धरून त्यांची रजा होती. दसऱ्याची सुट्टी संपून त्या परतीच्या दिवशी प्रेस दिवसभर चालली, आणि पडदा बंद होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेटवर हजर. मी त्यांच्या मागेच होतो. बालाजी आला, हात पुढे केले, आणि त्यांनी ते सोडलेच नाहीत. मागे रांग थांबली.

"गार पडलाय हात," त्या म्हणाल्या. "काय होता होता राहिलं?"

"काई नाई मॅडम."

"बालाजी."

त्याने खांद्यावरच्या पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत त्याचा हातमोजा होता, मधल्या बोटाचं टोक नसलेला. आणि एक दाबलेला पत्रा होता, ज्याच्या घडीत राखाडी कापडाचा तुकडा चपटा होऊन बसला होता. "पीस जरा तिरका बसला हुता. सरळ करायला हात घातला. रोज थांबतीच की ती. पडदा हाय म्हणूनच घातला बगा." त्याने मोजा उलटा करून दाखवला. "मोज्यात बोट पुरतं शिरलं नव्हतं, म्हणून गावलं नाई."

बाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला. फितीला आयकार्ड होतं. किल्ली नव्हती. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा तसा चेहरा मला बघायचा नाही.

"काल का नाही सांगितलंस कोणाला?"

"तुमी नव्हता ना," बालाजी म्हणाला. "दुसऱ्याला सांगून काय करायचं?"

किल्ली पॅनलमध्येच होती, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या तिच्यावर पडलेल्या. त्यांनी ती काढली, पडदा चालू केला, स्वतःचा हात आत घालून तीनदा तपासला. मग पाणी प्यायल्या. बोलल्या संध्याकाळी, बसमध्ये. "मी त्यांना त्या पडद्यावर विसंबायला शिकवलं आणि मीच तो बंद टाकून गेले," त्या म्हणाल्या. पण त्यांना त्याहून जास्त लागलं होतं ते बालाजीचं शेवटचं वाक्य. "मी नसले की कोणाला सांगायचं नाही. म्हणजे मी काहीच उभं केलं नाही, कुलकर्णी. नुसती मीच उभी होते."

पुढच्या मंगळवारी ग्राहक कंपनीची तपासणी होती. रजिस्टर ते बघणार होते. शनिवारी निकमांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही तिथेच होतो, गाड्यांचं वेळापत्रक घेऊन. ते आवाज चढवून बोलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, कोणाला लागलेलं नाही. बुधवारी लिहा. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"सोमवारी लिहायचं असतं, साहेब."

"तुमच्याच विरुद्ध जाईल ते."

"हो."

"मग कशाला?"

बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. त्या शूर वगैरे अजिबात नव्हत्या. नोकरीला भीत होत्या. घरी आजारी आई होती. "मी लपवलं तर पुढच्या वेळी बालाजी हातमोजा घरी घेऊन जाईल," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या वेळी तो बोट घेऊन जाईल."

रविवारभर मला चैन पडलं नाही. मी बोलणार होतो. सोमवारी कूलरपाशी सगळे उभे राहिले तेव्हा माझं वाक्य तयार होतं. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि वाचलं. "खंडेनवमीला पहिल्या ठोक्यासाठी मी पडदा बंद करायची किल्ली दिली. परत घ्यायला विसरले. एक पूर्ण दिवस प्रेस पडद्याविना चालली. बालाजीचं बोट जाता जाता राहिलं. चूक माझी." किल्ली मागितली कोणी, फिरवली कोणी, ते त्यांनी वाचलं नाही. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्या वर बघत थांबल्या, नेहमीसारख्या, अजून कोणाचं काही आहे का म्हणून. ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. समोर निकम उभे होते. माझ्या मुलाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, ही सबब मी तेव्हा मनाशी धरली. आज ती लिहितानाही लाज वाटते. दहा मिनिटं संपली.

तपासणीवाल्यांनी ती नोंद वाचली आणि प्रेस बंद ठेवायला सांगितली. सोडून दिली की आपोआप परत फिरणारी किल्ली बसेपर्यंत ती बंद राहिली. माझ्या गाड्या उशिरा गेल्या, मालकांना दोनदा ग्राहकाकडे जाऊन उभं राहावं लागलं. बाईंना कोणी काही बोललं नाही. फक्त त्यांचा करार संपत आला तेव्हा तो पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. त्यांच्या जागी यायचे ते गृहस्थ आधीच येऊन भिंती मोजून गेले होते, पाट्यांसाठी.

मधल्या महिन्यांत सोमवार चालू होते, पण आवाज खाली गेला होता. सांगितलं तर काय होतं, ते लोकांनी पाहिलं होतं. एक एक सोमवार नुसता उभं राहून जायचा आणि बाई पुन्हा दुधाचं सांगायच्या.

त्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. बसमध्ये मी शेजारी बसलो. चाकणचा चौक गेला, मोशी गेली. आकुर्डी जवळ आल्यावर त्या उठायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, किल्ली मी मागितली होती."

"माहितीय की. माझ्या हातातूनच घेतलीत."

"मला त्या दिवशी बोलायचं होतं."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ऑफिसातल्या लोकांचे हात त्या सहसा बघत नसत. आमची बोटं कुठे जायची होती? "मला सांगून आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. "मी चालले. सोमवारी तिथे सांगा." मग दांडा धरून, बस पूर्ण थांबल्यावरच, उतरल्या.

सोमवारी कूलरपाशी माणसं सवयीने जमली. नवे साहेब घड्याळ बघत होते, निकम फोन बघत होते. मी पुढे झालो. म्हणालो, "खंडेनवमीला किल्ली मी मागितली. मीच फिरवली. हार काढा, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, आणि नंतर गप्प बसलो."

निकमांनी फोन खिशात ठेवला. मला वाटलं, संपलं, हेही आणि माझी नोकरीही. मग मागून बालाजीचा आवाज आला. "माझं बी एक हाय. शनिवारच्या पाळीत शिडीवरून पाय सटकला. तिसरी पायरी अजून हालती." नव्या साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि लिहायला कागद मागितला. मीच रजिस्टर त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर बरेच दिवसांनी, एका संध्याकाळी, आकुर्डीला बस सिग्नलला थांबली होती. साळवे मॅडम पलीकडच्या फुटपाथवर उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी, कडेपासून चांगल्या दोन हात मागे. त्यांनी आधी आमच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, तो फोनवर नाही ना म्हणून. मग मला पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि भुवया उंचावून, मान किंचित हलवून, तोच प्रश्न विचारला. एवढ्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला कळला.

हात खिडकीबाहेर काढायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मी काच बंद ठेवली आणि दोन्ही पंजे, बोटं फाकवून, आतून काचेला टेकवले. त्यांचे ओठ हलले. सिग्नल सुटायच्या आत त्यांचं मोजून झालं, पिशवी उचलून त्या रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत उभ्या राहिल्या, आणि आमची बस पुढे गेली.